साइटवरची पोर्टा केबिन: करंट, काळी माती, टाकी आणि तपासणी (इंदूर)

हिशेबताई

नमस्कार मंडळी. प्रश्न बांधकामवाल्यांना आहे, पण वीज कंपनीतली माणसंही इथे वाचतात असं दिसतं, त्यांनीही सांगा.

सुपर कॉरिडॉरच्या आतल्या अंगाला आमच्या एका गोदामाचं काम चालू आहे. नवरा आणि दीर साइट बघतात. हजेरी, बिलं, चलनं आणि माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरांशी हुज्जत माझ्याकडे. त्यासाठी २० बाय ८ ची पोर्टा केबिन भाड्याने घेतली, आत एका कोपऱ्यात टॉयलेट. उन्हाळाभर बरी चालली. पहिला पाऊस पडला आणि एकेक सुरू झालं.

ओल्या चपलेने दाराच्या कडीला हात लावला की झिणझिण्या येतात. दुपारी एसी लावला की ट्यूब मिणमिणते आणि कॉम्प्रेसर घुर्र करून बंद. दार खालून घासतं, लाथ मारल्याशिवाय लागत नाही. टॉयलेटची टाकी चार दिवसांत तोंडापर्यंत येते, वास तर विचारू नका. आणि हे सगळं चालू असताना श्रम विभागाचे साहेब येऊन गेले. त्यांनी नोंदणीचा कागद मागितला आणि पिण्याच्या पाण्याचा कॅम्पर टॉयलेटच्या भिंतीला टेकवून का ठेवलाय हेही विचारलं.

केबिनवाल्याला फोन केला तर, "मैडम, हमारा काम केबिन रखने तक, आगे का आप देखो." वीज सध्या शेजारच्या प्लॉटच्या चौकीदाराच्या खोलीतून घेतली आहे, सबमीटर लावून. साइटवर आमची तीस-पस्तीस माणसं असतात. सुरुवात कुठून करू?

पोलोग्राउंड_निवृत्त

ताई, झिणझिण्यांपासून. बाकी सगळं थांबू शकतं.

आत्ता करायचं एवढंच: केबिनची मेन लाइन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बंदच ठेवा. तो आला की त्याच्याकडून तीन गोष्टी बघून इथे लिहा. दाराची पत्रा-चौकट आणि ओल्या जमिनीत ठोकलेली एखादी सळई यांच्यामध्ये मीटरने किती व्होल्ट दिसतात? एकेक एमसीबी (सर्किटचा स्विच) पाडली की ते कमी होतात का? आणि डीबीतली (स्विचच्या पेटीतली) हिरवी वायर बाहेर कुठे जाते? टेस्टरवर जाऊ नका, पत्र्याच्या केबिनमध्ये तो कशानेही पेटतो आणि कळत काही नाही.

रामबागेतला

करंट लागतोय म्हणजे हजेरी तरी वेळेवर लागत असेल :)

पोलोग्राउंड_निवृत्त

रामबागेतले, वीज कंपनीच्या नोकरीत मी पावसाळ्यातले पंचनामे बघितले आहेत. या विषयावर मला हसू येत नाही. बाकी चालू द्या.

हिशेबताई

काका, बघून घेतलं. चौकट आणि सळई यांच्यात शंभराच्या आसपास व्होल्ट. एसीची एमसीबी पाडली तरी तेवढेच. कॉम्प्युटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्याच्या डब्याचे प्लग काढले तर जवळजवळ शून्य. हिरवी वायर डीबीतून बाहेर येते आणि जमिनीत वीतभर खुपसलेल्या सळईला गुंडाळली आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अर्थिंग तो है." दुसरा एक जण म्हणाला, न्यूट्रलला जोडून टाका, लगेच थांबेल.

पोलोग्राउंड_निवृत्त

त्या दुसऱ्याला साइटवर पाय ठेवू देऊ नका. न्यूट्रल कुठेही मागे तुटला, आणि शेजारच्या खोलीतून ओढलेल्या वायरीत तो तुटणारच, तर सगळी केबिन थेट फेजवर येते. आज झिणझिण्या आहेत, त्या दिवशी माणूस चिकटेल.

आता कारण ऐका. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर या सगळ्यांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा बारीकसा करंट जमिनीत जातो, कोणाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर बॉडी मधल्या मध्ये लोंबकळते, २३० च्या निम्म्यावर. तुमचे शंभर व्होल्ट ते. एका मशीनचा करंट किरकोळ असतो, पण चार मशीनं एकाच पत्र्याला जोडली गेली की बेरीज होते, आणि पाय ओले असले की ती अंगाला कळते.

म्हणजे दोष मशीनांत नाही, तुमच्याकडे अर्थिंगच नाही. मात्र दुसरी शक्यताही तपासून घ्याच. या केबिनींमध्ये वायर पॅनेलच्या सांध्यातून नेलेली असते आणि नंतर कोणी शेल्फ किंवा कॅलेंडरासाठी सेल्फ-टॅपिंग स्क्रू मारतो, तो वायरीत घुसतो. सुरुवातीला लक्षण अगदी हेच. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून मोजायला सांगा. केबल जिथे पत्र्यातून आत येते तिथे रबरी ग्रॉमेट आहे का तेही बघा. नुसत्या भोकाची धार वर्षभरात वायर सोलते.

करायचं काय: दोन वेगळे अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगचे खड्डे. ४० मिमीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, अडीच मीटर खोल. दोन्हींमध्ये पाइपाच्या लांबीइतकं तरी अंतर. प्रत्येकातून जीआय पट्टी काढून केबिनच्या खालच्या चौकटीला समोरासमोरच्या कोपऱ्यांवर नट-बोल्टने, आणि तिथला रंग खरवडून. रंगावर कसलेली पट्टी म्हणजे शोभा. डीबीतली हिरवी वायर त्याच चौकटीला. मग ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच. या क्रमाने करा. सध्या लोक आरसीसीबी बसवतात, ती पडायला लागली की बायपास करतात आणि वर सांगतात की कंपनीचा माल खराब.

मुरूमवाला_पिथमपूर

काकांनी अर्थिंगचं सांगितलं त्यात आमच्या मातीची भर घालतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात केलेल्या अर्थिंगचं रीडिंग सुंदर येतं आणि एप्रिलमध्ये पाइपाच्या भोवतीची माती सुटलेली असते. म्हणून पिटात बेंटोनाइट, म्हणजे ओल धरणारी चिकणमाती, भरा, वर फनेल ठेवा आणि उन्हाळ्यात पाणी घालायचं काम चौकीदाराच्या रोजच्या यादीत लिहा. आणि सुपर कॉरिडॉरच्या पट्ट्यात काही ठिकाणी थोडं खाली गेलं की काळा दगड लागतो, अडीच मीटर पाइप जाणारच नाही. तिथे हट्ट करू नका, चर खणून पट्टी आडवी पुरा.

आता दार. तुमचं दार बिघडलेलं नाही, केबिन मुरगळली आहे. पाया काय घातला होता?

हिशेबताई

पाया म्हणजे... हायड्रा क्रेनवाल्याने चार कोपऱ्यांत विटांचे थर लावले आणि केबिन ठेवली. जमीन सपाटच होती हो.

मुरूमवाला_पिथमपूर

मे महिन्यात सगळीच जमीन सपाट असते.

छपराचं पाणी केबिनच्या एका लांब बाजूला पडतं. ती बाजू भिजून फुगली, दुसरी कोरडी राहिली. विटा कुठे उचलल्या गेल्या, कुठे रुतल्या. पोर्टा केबिन म्हणजे खाली चॅनेलची चौकट आणि वर पॅनेल. जहाजाच्या कंटेनरसारखी ती स्वतःच्या ताकदीने चार कोपऱ्यांवर उभी राहत नाही. मधेही टेकू लागतो. खात्री करायची तर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक आला की समजा, सुताराला बोलावून रंधा मारण्यात अर्थ नाही. रंधा मारलेलं दार पुढे जमीन सुकली की फटीतून उंदीर घेईल.

उपाय महाग नाही, फक्त केबिन एकदा हलवावी लागेल. वरची काळी माती हातभर काढा. केबिनच्या चारी बाजूंना मीटरभर जास्त मोकळं सोडून मुरूम भरा, थरांमध्ये, पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने. माळव्यात मुरूम कमी नाही, एक-दोन डंपर लागतील. वर काँक्रीटचे ब्लॉक, लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन तरी. पाण्याच्या नळीने लेव्हल घ्या, डोळ्याने नको. छपराला पन्हळ लावून पाणी पाइपाने लांब सोडा. ते एक काम राहिलं तर मुरूमही काही वर्षांनी हरतो.

केबिन जमिनीपासून फूटभर वर राहील असं बघा, खालून वारा खेळला पाहिजे. प्लायची जमीन खालून कुजते ती पावसाच्या पाण्याने कमी आणि कोंडलेल्या दमटपणाने जास्त. एसी चालला की जमीन थंड पडते, खालच्या ओल्या हवेचं तिथे पाणी होतं आणि आधी टेबलाचा पाय खाली जातो.

बडोद्याची_सून

मूळची इंदूरची, आता बडोद्यात. केबिन वर ठेवा या सांगण्याला माझाही दुजोरा, पण फक्त ब्लॉकवर ठेवून सोडू नका, बांधा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या ओळखीच्या एका साइटवर केबिन जागेवरून सरकून कुंपणात जाऊन बसली. थर्मोकोलच्या पॅनेलची केबिन पाण्यावर चक्क उचलली जाते. नाल्याच्या काठाला असाल तर ब्लॉकमध्ये हुक सोडून साखळी घाला.

रसायन_अर्थिंग

काका अजून पाइप आणि मीठ-कोळशाच्या जमान्यात आहेत. केमिकल अर्थिंग बसवा, मेंटेनन्स शून्य, पाणी घालायची भानगड नाही.

पोलोग्राउंड_निवृत्त

मीठ-कोळसा मी लिहिलाच नाही. मिठाने जीआय पाइप काही वर्षांत खातो हे मलाही माहीत आहे. तुमची केमिकल अर्थिंग म्हणजे पाइप आणि भोवती बेंटोनाइटसारखं भराव मिश्रण. ते चांगलं असतं, पण 'मेंटेनन्स शून्य' हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. कोणतीही अर्थिंग वर्षातून एकदा मोजायची, आणि ती उन्हाळ्यात.

आता एसी. ताई, शेजारच्या खोलीपासून केबिन किती लांब? आणि वायर कोणती?

हिशेबताई

साधारण ऐंशी मीटर. ढाई एमएम, तांब्याची. ब्रँडेड आहे, आयएसआय मार्क बघून घेतली.

पोलोग्राउंड_निवृत्त

वायर चांगली आहे, जाडी चुकीची आहे. एसी, कॉम्प्युटर, पंखे आणि चहाची किटली धरून तुमचा लोड चार किलोवॅट, म्हणजे साधारण साडेसतरा अँपिअर. अडीच चौरस मिमीच्या तांब्याला किलोमीटरमागे सात ओहमच्या वर रेझिस्टन्स असतो. जायचे ऐंशी आणि यायचे ऐंशी असे १६० मीटर धरले की वीसएक व्होल्ट वायरीतच जातात. दुपारी त्या खोलीतच २१० मिळत असतील तर केबिनमध्ये १९०. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट कितीतरी पट ओढतो, त्या क्षणी व्होल्टेज आणखी बसतं आणि तो अडकतो. स्टॅबिलायझर लावून हे सुटत नाही, तो वायरीतून उलट जास्त करंट ओढतो आणि वायर जास्त तापते.

१६ चौरस मिमीची ॲल्युमिनिअम आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल टाका, घट पाच-सहा व्होल्टवर येईल. जमिनीत पुरा, वर वाळू आणि विटा. जेसीबीवाल्याला कुठे पुरली ते दाखवा. नुसतं सांगून भागत नाही.

पण केबल घेण्याआधी मूळ गोष्ट. शेजारच्याचं कनेक्शन घरगुती आहे ना?

हिशेबताई

हो. पण सबमीटरचं रीडिंग दर महिन्याला लिहून पैसे देतो, युनिटला वर दोन रुपये जास्तच. चोरी थोडीच आहे?

पोलोग्राउंड_निवृत्त

चोरीचा हेतू नाही, म्हणून चोरीचं कलम १३५ बहुधा लागणार नाही. पण विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ मध्ये 'अनधिकृत वापर' आहे. ज्या जागेसाठी कनेक्शन दिलं त्या जागेबाहेर वीज नेणं त्यात येतं, आणि घरगुती म्हणून घेतलेली वीज धंद्याला वापरणंही येतं. तुमच्याकडे दोन्ही आहे. आकारणी लागू दराच्या दुप्पट, आणि वापर केव्हापासून हे ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. बिल येणार त्या शेजाऱ्याच्या नावावर. तुमचा प्रामाणिकपणा त्याच्या उपयोगाचा नाही.

तात्पुरतं कनेक्शन घ्या. प्लॉटची कागदपत्रं, बांधकाम परवानगी, लोडचा तपशील आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडून झोन ऑफिसात किंवा ऑनलाइन अर्ज. दर नेहमीपेक्षा चढा असतो, अंदाजे वापराचे पैसे आगाऊ भरावे लागतात. लोड सांगताना केबिनच नाही, व्हायब्रेटर, बार कटर, वेल्डिंग मशीन सगळं धरा. नाहीतर केबिनमध्ये एसी लागला की तिकडे वेल्डिंगवाला ओरडणार.

भाड्याने_केबिन

मी या धंद्यात आहे, ताईंचा केबिनवाला मी नाही हे आधीच सांगतो :) पण आमच्यावर सगळं ढकलू नका. गिऱ्हाईक फोनवर एकच विचारतं, महिन्याचं भाडं किती. पॅनेल कसलं, वायरिंग किती लोडचं, टाकी किती लिटरची, हे विचारणारा क्वचित.

पॅनेलचं जरूर विचारा. स्वस्त केबिनीत थर्मोकोल असतो, त्याहून वर पफ (फोम), त्याहून वर रॉकवूल. थर्मोकोलला आग लागली की तो वितळून थेंबाथेंबाने पेटत गळतो आणि धूर असा की दार सापडत नाही. पफ गारवा जास्त धरतो, पण तोही जळतो आणि त्याचा धूर विषारी. न जळणारं फक्त रॉकवूल. ते जड आणि महाग. आत कोणी रात्री झोपत असेल किंवा किटली, इंडक्शन चालत असेल तर थर्मोकोल घेऊच नका. दाराच्या विरुद्ध टोकाला उघडणारी मोठी खिडकी हवी, जाळी ठोकून बंद केलेली नको. आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर दारापाशी. आतल्या कोपऱ्यात ठेवला तर आग ओलांडून आणायचा का?

आणि एक. लोक १० फूट रुंद केबिन मागतात, ऐसपैस म्हणून. रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते. ८ फुटी म्हणजे २.४४, आरामात बसते. १० फुटी बाहेर येते, मग परवानगी, रात्रीची वाहतूक, चौकाचौकात थांबवणं. तो खर्च भाड्याच्या कोटेशनमध्ये कधी लिहिलेला नसतो.

नवा_कोरा

केबिनमध्ये मोबाइलला रेंज येत नाही, त्याचं काय? ओटीपी घ्यायला बाहेर उन्हात यावं लागतं.

भाड्याने_केबिन

पत्र्याचा डबा आहे, रेंज येणार कुठून. राउटरचा अँटेना छपरावर काढा आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. छपराला भोक पाडू नका, बाजूच्या भिंतीतून वायर आणा, खाली झोल देऊन.

कान्हकाठ

टॉयलेटबद्दल कोणीच बोलत नाही, स्वाभाविक आहे. मी बोलतो, माझं काम सांडपाण्याचंच आहे.

ताई, तुमची टाकी चार दिवसांत भरते यात गूढ काही नाही. दहा माणसं, दिवसाला चार वेळा, दर वेळी सहा लिटर, झाले २४० लिटर. हजाराची टाकी चार दिवसांत भरणारच. म्हणजे केबिनचं टॉयलेट ऑफिसच्या दोन-तीन माणसांसाठी होतं आणि वापरतात दहा. मजुरांसाठी वेगळी सोय आहे का?

हिशेबताई

दोन आहेत पत्र्याची, मागच्या बाजूला. पण सुपरवायझर आणि मिस्त्री इकडेच येतात. बायकाही इकडेच येतात, तिकडे कडी नाही म्हणून.

कान्हकाठ

मग पहिला खर्च कडीचा. कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांत २५ माणसांमागे एक शौचालय असा हिशेब होता आणि बायकांसाठी वेगळं. तुमच्याकडे संख्येचं गणित बसतं, बायकांचं बसत नाही. त्यांच्यासाठी एक कडी-दिव्यासकट वेगळं करा, केबिनवरचा निम्मा भार उतरेल.

आता कोणी सल्ला देईल की सोकपिट खणा, पाणी जिरेल. काळ्या मातीत जिरत नाही. भिजलेली काळी माती पाणी जवळजवळ अडवते. पहिल्या पावसात सोकपिट उलटा भरतो आणि सगळं वर येतं. नाल्यात सोडायचा विचार तर करूच नका. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर ठरलं ते नाल्यांत जाणारी सांडपाण्याची तोंडं बंद करूनच. पालिकेची माणसं नाल्याकाठचे पाइप अजून शोधत असतात, दंड लगेच फाडतात.

म्हणून बंद टाकी, दुप्पट मोठी, आणि सक्शन गाडीची ठरलेली पाळी. पालिकेच्या ३११ ॲपवर किंवा १४४२० वर फोन करून गाडी बोलावता येते. टाकी गाडीच्या पाइपाला पोचेल अशा बाजूला ठेवा. केबिनच्या मागे दडवली की गाडीवाला परत जातो. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही. साफ करायलाही नाही, पडलेला मग काढायलाही नाही. २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत मरतो.

बायोडायजेस्टरची टाकी घेतलीत तर झाडूवाल्याकडचं ॲसिड आणि फिनाइल काढून घ्या. आतले जिवाणू त्याने मरतात, मग ती साधी टाकीच उरते, फक्त महाग.

वासाचं निम्मं कारण वेगळंच निघेल. एसीच्या पाण्याची नळी टॉयलेटच्या पाइपात खुपसली आहे का बघा.

हिशेबताई

अहो, खरंच तशीच आहे! तुम्ही बघून गेलात का?

कान्हकाठ

दहातल्या सात केबिनींत तशीच असते. टाकीतला वायू त्या नळीने वर चढून एसीतून तुमच्या टेबलावर येतो. नळी बाहेर मोकळी सोडा. फरशीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये रोज मगभर पाणी ओता, तो सुकला की तिथूनही वास येतो. टाकीला व्हेंट पाइप छपराच्या वर.

श्रमसल्ला

आता साहेब. ताई, घाबरू नका, पण ढकलूही नका.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या. बांधकाम मजुरांचा १९९६ चा कायदा त्यात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत गेला. साहेबांचं पदनामही आता 'निरीक्षक-तथा-सुलभकर्ता' आहे. सुलभ किती करतात ते तुमच्या फाइलवर. दहा किंवा जास्त कामगार असले की नोंदणी लागते आणि ती साठ दिवसांत, ऑनलाइन. तुमची तीस-पस्तीस माणसं आहेत, म्हणजे चर्चाच नको. मजूर कल्याणाचा सेस बांधकाम खर्चाच्या एक टक्का. परवानगी घेताना भरला असेल तर पावती केबिनच्या भिंतीवरच्या फाइलमध्ये ठेवा, घरच्या कपाटात नको. पन्नासच्या वर कामगार गेले की पाळणाघर, शंभर झाले की कँटीन, हे आकडे लक्षात असू द्या. गोदामाचं काम वाढलं की माणसं नकळत वाढतात.

पाण्याचं. जुन्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये स्पष्ट होतं की पिण्याच्या पाण्याची जागा धुण्याच्या जागेपासून, मुतारीपासून, शौचालयापासून सहा मीटरच्या आत नको, आणि तिथे बहुतेक मजुरांना कळेल अशा भाषेत 'पिण्याचं पाणी' लिहिलेलं हवं. कायदा बदलला म्हणून अंतर कमी करायला जाऊ नका. या शहरात डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात पिण्याच्या लाइनीत मैलापाणी मिसळून माणसं दगावली, त्यानंतर साहेबच काय, कोणीही आधी हेच बघेल. कॅम्पर दुसऱ्या टोकाला, सावलीत, ओट्यावर. 'पीने का पानी' मोठ्या अक्षरांत. झाबुआ-अलिराजपूरची माणसं असतील तर भिलीत लिहायची गरज नाही, पण ग्लासाचं चित्र काढा.

बोअर करून पाणी घ्यायचं असेल तर उन्हाळ्यात कलेक्टर १९८६ च्या पेयजल परिरक्षण अधिनियमाखाली बोअरवर बंदी घालतात. गाडी बोलावण्याआधी आदेश चालू आहे का बघा. मशीन जप्त होतं.

मुरूमवाला_पिथमपूर

श्रमसल्ला, एक जोड. पिथमपूरला साइट असेल तर ती धार जिल्ह्यात येते. आमच्याकडे इंदूरच्या ऑफिसात फाइल घेऊन जाणारे अजून भेटतात.

रामबागेतला

या वेळी गंभीर प्रश्न. कचऱ्याची गाडी साइट ऑफिसचा कचरा घेत नाही, म्हणते सिमेंटची गोणी आहे.

कान्हकाठ

बरोबर म्हणते. केबिनमधला चहा-नाश्त्याचा, कागदाचा, सॅनिटरीचा, बॅटरी-वायरींचा कचरा घरासारखा वेगवेगळ्या डब्यांत द्या, घेतील. विटा, प्लास्टर, सिमेंटच्या गोण्या हा मलबा, त्याची गाडी वेगळी बोलवावी लागते. एकत्र केलंत की दोन्ही गाड्या नाही म्हणतात.

भाड्याने_केबिन

जनरेटरचं राहिलं. लाइट गेली की लोक छोटा जनरेटर आणून केबिनच्या आडोशाला ठेवतात, पाऊस लागू नये म्हणून. धूर एसीच्या खिडकीतून आत जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, माणसाला फक्त झोप येते. लांब ठेवा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, धुराड्याचं तोंड केबिनकडे नको. थंडीत चौकीदार आत शेगडी घेतो, तेही तेच.

पोलोग्राउंड_निवृत्त

आणि जोडायचा तो चेंजओव्हर स्विचमधून, ज्यात न्यूट्रलही बदलतो असा. दोन्हीकडे प्लग असलेली वायर करून बोर्डात खुपसणारे आहेत. ती वीज उलटी लाइनीवर जाते आणि खांबावर आमचा लाइनमन असतो, ज्याला वाटतं लाइन बंद आहे. डिझेलचं म्हणाल तर २५०० लिटरपर्यंत, एकेक भांडं हजार लिटरच्या आत असेल, तर साठवायला परवाना लागत नाही. पण तो साठा केबिनला लागून नको आणि वेल्डिंगच्या जवळ तर नकोच.

हिशेबताई

मंडळी, बरंच झालं. अर्थिंगचे दोन्ही पिट झाले, झिणझिण्या गेल्या. आरसीसीबी पहिल्या दिवशी पडत होती. किटलीच्या सॉकेटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळला होता, तो सुटा केल्यावर थांबली. केबिन उचलून मुरुमावर बसवली आणि दार बोटाने लागतं. बायकांच्या टॉयलेटला कडी, दिवा दोन्ही. नोंदणीचा अर्ज टाकलाय. तात्पुरत्या कनेक्शनचा डिमांड आला, पैसे भरले. शेजाऱ्याला सबमीटर परत केला तेव्हा तो जरा नाराज झाला, दोन रुपये वरचे जात होते ना.

दोनच शंका. केबिन परत देताना भोकांचे पैसे कापतील का? आणि गोदामाचं कायमचं कनेक्शन आल्यावर हे तात्पुरतं आपोआप बंद होतं का?

भाड्याने_केबिन

भोकांचे कापतात. आज मोबाइलवर चारी भिंतींचे, जमिनीचे, छताचे फोटो काढून केबिनवाल्याला पाठवून ठेवा, तारखेसकट. आधीची कुठली आणि तुमची कुठली यावरच वाद होतो. अर्थिंगची पट्टी वेल्ड केली नाहीत ना? बोल्टची असेल तर कोणी काही म्हणणार नाही.

पोलोग्राउंड_निवृत्त

आपोआप काही होत नाही. बंद करण्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, मीटर काढताना शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा आणि आगाऊ भरलेल्यातून उरलेली रक्कम परत मिळण्यासाठी त्याच अर्जात बँक खातं लिहा. केबल तुमची आहे, ती खणून घ्या. १६ ची आर्मर्ड पुढच्या साइटला लागेलच.

मुरूमवाला_पिथमपूर

आणि काँक्रीटचे ब्लॉकही. हायड्रा एकदा येतोच आहे, त्याच फेरीत उचलायला लावा.